खोकणारी घरं

डॉक्टोरा हेर्मोसिला जरा खोटं बोलल्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण बाई पडल्या सरळ स्वभावाच्या. त्या इलोइलो शहरातून आमच्या बेटावर बोटीनं आल्या, सगळ्या गावाला चर्चमध्ये बसवलं आणि म्हणाल्या, "हे हृदयाच्या औषधाचं संशोधन आहे. ज्यांचं बीपी नुकतंच चढायला लागलंय त्यांना एकेक बाटली मिळेल. रोज सकाळी एक गोळी घ्यायची. मात्र निम्म्या बाटल्यांत औषध आहे आणि निम्म्यांत नुसती पिठी. दिसायला दोन्ही सारख्याच. कुणाच्या वाट्याला काय आलं हे तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही."

एवढं बोलल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. माझी धक्क्यावर खानावळ आहे, त्यामुळे अशा वेळी सगळे माझ्याकडे बघतात. मी थर्मासातला आल्याचा चहा पुढे केला. "समुद्राची हवा बाधते मला," त्या म्हणाल्या.

आमच्या बेटावर कुणी पानात माशाचं नुसतं डोकं घेऊन बसला असेल, तरी रस्त्यानं जाणाऱ्याला "या, जेवायला या" म्हटल्याशिवाय घास उचलत नाही. तिथे ही बाई उघड सांगत होती, की निम्म्यांना वाढणार आणि निम्म्यांना नाही. शेवटी मानांग सेपा उठली. मानांग म्हणजे थोरली ताई, आणि सेपा म्हणजे आमच्या चर्चच्या बायकांची पुढारी. तिच्यापुढे पाद्रीबाबासुद्धा आवाज चढवत नाहीत.

"म्हणजे डॉक्टोरा, जत्रेला लोकांना बोलवायचं, पंगत बसवायची, आणि निम्म्यांच्या ताटात रिकामी वाटी?"

"तसं नाही मानांग. तुलना करावी लागते, त्याशिवाय औषध चालतं की नाही हे कसं समजणार?"

"आणि कुणाची वाटी रिकामी हे वाढणारणीलाच माहीत नाही?"

"नाही."

सेपा खाली बसली आणि माझ्या कानाशी लागली. "बिचारी गं. एवढी शिकली, पण तिलासुद्धा कुणी सांगितलं नाही."

मग तपासणीची रांग लागली. त्या रांगेत मी माझ्या भावाला जवळजवळ बखोट धरून उभं केलं होतं. मानोंग तेर्यो, म्हणजे तेर्योदादा, माझ्याहून बराच मोठा. आईच्या पाठीमागे त्यानंच मला वाढवलं. बेटावरच्या निम्म्या होड्या त्याच्या हातच्या. पण त्या वर्षी त्याचे पाय सुजले होते, वाळूवरून माझ्या खानावळीपर्यंत चढून येताना तो मध्ये तीनदा नारळाच्या झाडांशी गप्पा मारल्यासारखा थांबायचा, आणि झोपायचा ते बसून. आडवा झाला की बुडाल्यासारखं वाटतं म्हणायचा. मला त्याची भीती वाटत होती.

डॉक्टोरांनी त्याची छाती तपासली, घोट्यावर बोट दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मानोंग, तुम्हाला यात घेता येणार नाही. तुमचं हृदय फार थकलंय. तुम्ही इलोइलोला मोठ्या इस्पितळात चला. माझ्याच बोटीनं चला."

"नको," तेर्यो हसून म्हणाला. नापास झाल्याचा एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता.

मी मात्र भडकले. "हा कुठला न्याय, डॉक्टोरा? आजारी आहे म्हणून औषध नाही? आणि तो डोमेंग बघा, रोज संध्याकाळी कराओकेवर बोंबलतो, त्याला काय धाड भरलीय? त्याला बाटली?"

"नियम आहे, मानांग लुदी. फार आजारी माणसाला पिठी देऊन कसं चालेल?"

उत्तर बरोबर होतं, म्हणून मला आणखीच राग आला. आमच्या आरोग्य केंद्रात तरी काय होतं? एक वजनकाटा आणि भाज्यांचं चित्र लावलेलं एक कपाट. कपाटात काय आहे विचारलं की "पुढच्या बोटीनं येतंय" असं उत्तर. बोटी येत होत्या, कोंबड्या उतरत होत्या, सिमेंट उतरत होतं, औषध काही उतरत नव्हतं.

आणि तेर्यो इलोइलोला जायला तयार होईना. "आपले बाबा बोटीत बसून गेले होते, इंदाय," तो मला म्हणाला; धाकट्या बहिणीला आमच्याकडे लाडानं इंदाय म्हणतात. "आले ते आडवे. मी इथेच बरा."

मीच तेव्हा धक्क्यावर उभी होते.

आता आमच्याकडची आमोत सांगितली पाहिजे. सेपाच्या घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा मोठा डबा आहे. कुणावर वेळ आली की तो डबा चर्चच्या दाराशी येतो आणि ज्याच्याकडे जे असेल ते तो त्यात टाकतो. वादळात छप्पर उडालं तर खिळे, बाळंतपण असेल तर साखर. कुणी किती टाकलं हे बघायचं नाही. याला आमोत म्हणतात. पण एक अट आहे. ज्यानं डबा घेतला त्यानं टाकणाऱ्यांचं ऐकायचं. डोमेंगचं घर वादळानंतर आमोतीतून उभं राहिलं, तेव्हा दार कुठे असावं हे सेपानं ठरवलं. ते अजून डुकरांच्या गोठ्याकडे उघडतं आणि डोमेंगनं आजतागायत तोंडातून ब्र काढलेला नाही.

डॉक्टोरांची बोट नजरेआड झाली तसा सेपानं डबा काढला. "तेर्योसाठी गोळ्यांची आमोत," ती म्हणाली. रविवारी मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर प्रत्येकानं आपल्या बाटलीतून गोळ्या आणून टाकल्या. डबा चांगला खुळखुळायला लागला. मला रडू आलं. पण सेपा डब्यात बघून कपाळाला आठ्या घालून उभी.

"यात निम्मी पिठी आहे, लुदी. आजारी माणसाला काय पिठी घालायची? निवडायला पाहिजे."

"तांदूळ आहेत का ते, निवडायला?"

तो प्रश्न डॉक्टोरांच्या दुसऱ्या फेरीत सुटला. त्या आल्या, खानावळीत माझ्याकडे तूर, डुक्कर आणि फणसाचं कालवण ओरपून जेवल्या, "मीठ कमी करा हो जरा" म्हणाल्या, आणि मग एकेकाला तपासायला बसल्या. सेपा शेजारी बसून सगळं ऐकत होती. संध्याकाळी ती धापा टाकत माझ्याकडे आली.

"बाईंनी प्रत्येकाला काय विचारलं, ठाऊक आहे? 'कोरडा खोकला येतो का?' छातीत दुखतं का ते नंतर. आधी खोकला! हृदयाचं औषध देऊन बाई खोकला कशाला शोधेल?"

"औषधानं येत असेल म्हणून."

"आणि पिठीनं?"

त्याच वेळी पलीकडून कराओकेवर डोमेंगचं गाणं सुरू झालं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच त्याला ठसका लागला, आणि माईकमधून तो खोकला साऱ्या बेटावर घुमला. गेले कित्येक दिवस त्याचं एकही गाणं पुरं होत नव्हतं, आणि आम्ही सगळे त्याबद्दल आमच्या गावच्या संताचे, सान रोकेचे, मनापासून आभार मानत होतो.

"औषध," सेपा म्हणाली.

झालं. ज्या घरात खोकला, त्या घरात औषध. ही बातमी फुटली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव खोकायला लागलं. पिठीचं घर म्हणवून घ्यायची लाज वाटे एकेकाला. मिसेत पाद्रीबाबांचा शब्द ऐकू येईना. मग सेपानं खरे खोकणारे हुडकायला आपल्या अंगणात पत्त्यांचा डाव मांडला. पत्ते हातात आले की माणसाला सोंग आठवत नाही. जो चांगली पानं असूनसुद्धा खोकला, तो खरा. बाकीच्यांचे खोकले पहिल्याच डावात बरे झाले.

अशी पाचसहा घरं निघाली. आधीचा डबा रिकामा करून फक्त त्यांनीच आपल्या गोळ्या तेर्योच्या डब्यात टाकायच्या असं ठरलं. पण मग त्यांच्या बाटल्या रिकाम्या दिसायला लागल्या, आणि ते काही कुणाला बरं वाटेना. म्हणून पिठीच्या घरांनी आपल्या गोळ्या त्यांना वाटून दिल्या. कुणाचं ताट रिकामं राहिलं नाही. डॉक्टोरांना आम्ही यातलं काही सांगितलं नाही. त्यांना स्वतःलाच ठाऊक नाही असं त्या म्हणाल्या होत्या, उगाच कशाला त्यांच्या डोक्याला ताप.

तेर्यो रोज सकाळी माझ्यासमोर एक गोळी घ्यायचा. आणि खरंच सांगते, महिनाभरात त्याच्या पायांची सूज ओसरली. तो नारळाच्या झाडांशी न थांबता वर यायला लागला. एके दिवशी पहाटे मी गेले तर तो चटईवर चक्क आडवा, तोंड उघडं टाकून घोरत होता. मी तिथेच दारात बसले आणि पदर नसल्यामुळे एप्रनला डोळे पुसले.

या सगळ्याची किंमत गावानं मोजली. औषध सुटल्यामुळे डोमेंगचा गळा मोकळा झाला होता. तो रोज संध्याकाळी गाऊ लागला, तेही मागची सगळी थकबाकी भरून काढत. कुणी तक्रार केली नाही. माझ्या मते सगळ्यांत मोठी आमोत तीच होती.

गडबड झाली ती मायेपोटी. खोकणाऱ्या घरांना वाटे, डब्यातली एक गोळी एवढ्या मोठ्या माणसाला कशी पुरेल? मग जाता येता कुणी सुक्या मासळीच्या पुडीतून, कुणी शिजवलेल्या रताळ्याबरोबर, आपल्या बाटलीतून राखून ठेवलेली आणखी एखादी गोळी तेर्योच्या हातावर ठेवायला लागलं. आणि माझा भाऊ पडला भिडस्त. कुणी प्रेमानं दिलेलं नाकारायचं कसं? तो घ्यायचा आणि त्यांच्यासमोरच गिळायचा. मला यातलं काही माहीत नव्हतं. असतं तर एकेकाला झाडूनं हाणलं असतं.

सान रोकेची जत्रा आली. सेपाच्या अंगणातल्या पंगतीला डॉक्टोरांना मानाचं बोलावणं होतं. अख्खं भाजलेलं डुक्कर मधोमध, कातडी कशी कुरकुरीत, आणि डॉक्टोरा त्याच्याकडे एका डोळ्यानं हृदयाच्या डॉक्टरसारख्या बघत होत्या आणि दुसऱ्या डोळ्यानं माणसासारख्या. माणूस जिंकला. डोमेंगनं माईक हातात घेतला. तेर्यो उठला, मला म्हणाला, "चल इंदाय, नाच," आणि दोन पावलं टाकून धाडकन खाली कोसळला.

माझी किंचाळी डोमेंगच्याही वर गेली असं लोक सांगतात. मला काही आठवत नाही. मला फक्त धक्का दिसत होता, बोट दिसत होती, आणि बोटीत आडवे बाबा.

डॉक्टोरा हातातलं ताट टाकून धावल्या. "पाय वर धरा! आणखी वर! बाजूला व्हा सगळे!" त्यांनी पट्टा बांधून बीपी बघितलं आणि ओरडल्या, "एवढं खाली कसं गेलं? सार आणा कुणीतरी! खारट सार!"

"खारट?" सेपा म्हणाली. "डॉक्टोरा, तुमचं एक काय ते ठरवा बाई."

"आणा आधी!"

तेर्योनं डोळे उघडले, सार प्यायला, आणि उठून बसताना खोकला. कोरडा, खडखडीत खोकला. डॉक्टोरा एकदम थबकल्या. त्यांनी त्याचे घोटे दाबून पाहिले. मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या.

"सूज कुठे गेली?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "मानोंग, तुम्ही काय घेताय?"

तेर्यो माझ्याकडे बघायला लागला, मी सेपाकडे, आणि सेपा त्या डुकराकडे. शेवटी तीच घरात गेली आणि डबा आणून टेबलावर ठेवला.

मग सगळं बाहेर आलं. डबा, खोकला, पत्त्यांचा डाव, पिठीची वाटणी, रताळी. डॉक्टोरा ऐकत होत्या आणि त्यांचा रंग बदलत होता.

"तुम्हाला कळतंय का काय केलंत? तो मेला असता! तुमच्या प्रेमानं मेला असता तो! आणि तुम्ही, मानोंग डोमेंग, तुमचं स्वतःचं बीपी? म्हणून ते आज सकाळी छपराला टेकलं होतं होय! माझी इतक्या दिवसांची मेहनत, एकेक आकडा आता कचऱ्यात जाणार. मला एका शब्दानं का नाही सांगितलंत?"

"तुम्हीच म्हणालात की तुम्हाला माहीत नाही," सेपा अगदी मायेनं म्हणाली. "म्हटलं, आपण शोधून काढू या."

डॉक्टोरा मटकन खुर्चीवर बसल्या. त्यांना हसू येत होतं की रडू, ते मला नक्की सांगता येणार नाही. "हे गाव आता संशोधनातून बाद," त्या म्हणाल्या. "उद्या सगळ्या बाटल्या परत न्याव्या लागतील."

सगळ्यांच्या नजरा तेर्योकडे वळल्या. मला राहवलं नाही. "न्या बाटल्या. आम्ही चुकलो, कबूल आहे. पण डॉक्टोरा, यानं काय करायचं? परत बसून झोपायचं?"

त्यांनी डबा जवळ ओढला. मग म्हणाल्या, "मानांग लुदी, त्या गोळीत याला जे लागू पडलं ना, ते औषध काही नवं नाही. मी कॉलेजात होते तेव्हापासूनचं आहे. साधं, स्वस्त औषध. आम्ही फक्त ते दुसऱ्या दोन औषधांबरोबर एका गोळीत घातलंय. ते तुमच्या आरोग्य केंद्रात नुसतं पडून असायला पाहिजे. त्यासाठी कुणाच्या संशोधनात यायची गरजच नव्हती याला. कुणालाच नव्हती."

"आमच्या केंद्रात भाज्यांचं चित्र आहे," मी म्हणाले.

त्या काहीतरी बोलायला गेल्या आणि त्यांना खोकला आला. कोरडा, खडखडीत. सेपानं मान वर केली. पत्त्यांच्या डावात बघायची तशी ती त्यांच्याकडे बघायला लागली.

"डॉक्टोरा, हा खोकला कधीपासूनचा?"

"समुद्राची हवा..."

"ती आम्हीपण खातो."

डॉक्टोरा लाल झाल्या. "बीपी आहे मला," त्या म्हणाल्या. "घेते मी तेच. साधंच. बदलायला पाहिजे ते कळतंय, पण डॉक्टरला डॉक्टरकडे जायला वेळ कुठे असतो?"

"म्हणजे हे पण खोकणारं घर!" डोमेंग माईकमधूनच ओरडला. तो अजून त्याच्या हातात होता. सगळं अंगण हसलं, आणि डॉक्टोराही हसल्या. हसता हसता त्यांनी पर्स उघडली, गोळ्यांची एक पट्टी काढली, क्षणभर हातात धरली, आणि डब्यात टाकली. पत्र्यावर तिचा टण्ण आवाज झाला. हसणं तिथल्या तिथे थांबलं.

"रोज एक," त्या तेर्योला म्हणाल्या. "मी सांगेन तेव्हापासून, आणि मी सांगेन तेवढीच. रताळ्यातली नाही." मग त्या सेपाकडे वळल्या. "मानांग, ज्यानं डब्यात टाकलं त्याचं ऐकायचं, असंच ना तुमच्याकडे?"

"असंच."

"मग मानोंग, उद्या माझ्या बोटीत बसायचं. इलोइलोला तुमच्या हृदयाचं चित्र काढायचंय. गोळीनं सूज उतरली, पण सूज कशानं आली ते मला बघायचंय. तुमच्याजवळ मी असेन."

तेर्योचा चेहरा पांढरा पडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सेपाकडे पाहिलं. कुठूनच सुटका दिसेना तेव्हा त्यानं डोमेंगकडे पाहिलं. डोमेंगनं माईक खाली ठेवला.

"जा बाबा," तो म्हणाला. "माझं दार अजून डुकरांकडेच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोटीत बसला. मी त्याच्या मांडीवर भाताच्या पुड्या ठेवल्या आणि दमच दिला, "मानोंग, बसून चाललायस. बसूनच परत यायचं. ऐकलंस?" तो हो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. बोट निघाली. बराच वेळ पाण्यावरून आधी एकाचा आणि मग दुसरीचा खोकला ऐकू येत होता. तो ऐकू येईनासा झाल्यावर मी खानावळीत जाऊन कांदे चिरायला घेतले, म्हणजे कुणी विचारायला नको.

त्यानंतर रोज बोट दिसली की मी हातातलं टाकून धक्क्यावर जायची. सेपा जपमाळ घेऊन माझ्या शेजारी उभी राहायची.

ज्या दिवशी तो आला त्या दिवशी ऊन डोळ्यांवर येत होतं. बोटीत बसलेली माणसं मी एकेक करून बघितली. त्यांत तो नव्हता. सेपानं माझा दंड घट्ट धरला. "नीट बघ गं," ती म्हणाली. "नीट बघ."

तो बसलेला नव्हताच. तो पुढच्या टोकाला उभा होता, एका हातानं दोर धरून, आणि नावाड्यावर ओरडत होता, की ही होडी कुठल्या गाढवानं बांधली, हिचा कणाच वाकडा आहे.

धक्क्यावर उतरला तसा मी त्याला आधी एक गुद्दा घातला आणि मग मिठी मारली. तो खोकला नाही. माझ्या ते ध्यानात आलं तशी मी घाबरले. "खोकला कुठे गेला? औषध बंद केलंस की काय?"

"बदलून दिलं तिकडे," तो म्हणाला. "हृदयाची एक झडप बिघडलीय, जन्मभर गोळ्या आणि वर्षातून एकदा तिकडे जायचं, आज तरी कापाकापी नको म्हणाले. आणि इंदाय, डॉक्टोरांचंसुद्धा बदलायला लावलं मी. रांगेतली माझी जागा सोडून त्यांना तिथे उभं केलं."

"त्यांनी ऐकलं तुझं?"

"ऐकतील नाही तर काय? तुझ्या भाताच्या पुड्या त्यांनी खाल्ल्या ना." आणि तो वर चालायला लागला, नारळाच्या झाडांकडे ढुंकूनही न बघता.